कार्ड कापलं, खातं मात्र चालूच राहिलं

वाचकांचे पैशाअडक्याचे प्रश्न आणि त्यांना बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या ताईंची उत्तरं. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

पत्र पहिलं

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. मिरजेत टू बीएचके बघितला, बिल्डरला 2 लाख देऊन बुकिंग केलं आणि होमलोनची फाइल बँकेत लावली. आठवड्याने लोनच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या सिबिलला रिटन ऑफ दिसतंय, फाइल पुढे जात नाही." म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या रिपोर्टमध्ये कर्ज बुडीत धरलेलं आहे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत. भिशीचा हप्तासुद्धा एक दिवस आधी देते.

रिपोर्ट काढला तर त्यात एका बँकेचं क्रेडिट कार्ड निघालं. 2017 साली मी पुण्यात खासगी शाळेत होते, तेव्हा शाळेत येऊन एका मुलाने ते गळ्यात मारलं होतं, "मॅडम, लाइफटाइम फ्री आहे" म्हणून. दोन-चारदा वापरलं, बिल पूर्ण भरलं. 2019 च्या सुरुवातीला कस्टमर केअरला फोन करून बंद करायला सांगितलं आणि कात्रीने कापून टाकलं. त्याच वर्षी झेडपीची ऑर्डर आली, पुणं सुटलं, सिमही बदललं. आता त्या कार्डावर 8,943 रुपये थकीत, रिटन ऑफ, 2021 असं आहे. स्कोअर 612.

त्या बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला तर दोन दिवसांनी वसुलीवाल्याचाच फोन आला. म्हणतो, "3,000 भरा, सेटल करून देतो, आजच्या दिवसाची ऑफर आहे." मिस्टर म्हणतात, भरून टाक आणि कटकट मिटव. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. मी काय करू? पैसे भरले तर स्कोअर किती दिवसांत सुधारेल? आणि बिल्डरकडचे 2 लाख जातील का? रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.

एक वाचक, जि. सांगली

उत्तर

ताई, ते 3,000 रुपये भरू नका. मिस्टरांनाही हे पत्र वाचायला द्या, कारण तीन हजारांत मिटवणं हा यातला सगळ्यात महागडा सौदा आहे. ते भरलेत की तुमच्या नावापुढे 'रिटन ऑफ' जाऊन 'सेटल्ड' येईल. याचा अर्थ पुढची प्रत्येक बँक असा लावते की या बाईंनी पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने तोटा सोसून सोडून दिलं. हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. शिवाय तुम्ही कर्ज मान्य केलंत असाही अर्थ निघतो. आणि त्या मुलाची 'आजच्या दिवसाची ऑफर' उद्याही असते, परवाही असते.

प्रत जोडलीत ते फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त स्कोअर लिहून पाठवतात, आणि स्कोअरवरून काहीच कळत नाही. तुमचा रिपोर्ट मी चहा घेत घेत सावकाश वाचला. त्यात काय लिहिलंय ते सांगते.

आधी पत्त्यांचा भाग बघा. कार्डवाल्या बँकेने दिलेला पत्ता पुण्याचा, कोथरूडचा. मोबाइल नंबरही जुना. म्हणजे बिलं, स्मरणपत्रं, एसएमएस, सगळं तुम्ही सोडून आलेल्या खोलीवर आणि बंद पडलेल्या सिमवर जात राहिलं.

मग त्या कार्डाचा रकाना. 'डेट ऑफ लास्ट पेमेंट' फेब्रुवारी 2019. खाली महिन्यांचा तक्ता आहे, त्यात ड्यू डेट उलटून किती दिवस झाले ते लिहिलेलं असतं. ऑगस्ट 2019 पर्यंत सगळीकडे 000 आहे. याचा अर्थ तुम्ही फोन केलात तेव्हा एक पैसाही बाकी नव्हता. सप्टेंबरनंतर 030, 060, 090 अशी शिडी चढत गेलीय. आता कार्ड उघडल्याची तारीख बघा: ऑगस्ट 2017. दर ऑगस्टला वार्षिक फी पडणार. 500 रुपये फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 590. माझा अंदाज असा की तुमचं सगळं 'कर्ज' या 590 रुपयांपासून सुरू झालंय. त्यावर लेट फी, लेट फीवर जीएसटी, शिवाय महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि पुढच्या वर्षीची फी. मोरीतल्या गळक्या नळासारखं आहे हे, रात्रभरात बादली भरते. पण हा अंदाज झाला, आणि अंदाजावर भांडता येत नाही. म्हणून पहिलं काम एकच: त्या बँकेकडून कार्ड उघडल्यापासूनची सगळी स्टेटमेंट मागवा.

फोनवर नाही. आजपासून फोन बंद. 2019 चा तो एक फोन हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, त्याचा कागद तुमच्यापाशी नाही. बँकेच्या तक्रार विभागाला आणि प्रधान नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा, दोन्ही पत्ते बँकेच्या वेबसाइटवर असतात. विषयात कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे. मजकूर साधा ठेवा. रडगाणं नको, धमकीही नको. साधारण असा:

"माझ्या नावे वरील कार्ड खाते 2021 पासून रिटन ऑफ दाखवले आहे. खाते बंद करण्याची विनंती मी 2019 च्या सुरुवातीस आपल्या ग्राहक सेवा केंद्रास माझ्या तेव्हाच्या नोंदणीकृत मोबाइलवरून केली होती व त्या वेळी थकबाकी शून्य होती. फेब्रुवारी 2019 नंतर मी कोणताही व्यवहार केलेला नाही. कृपया खाते उघडल्यापासूनची सर्व स्टेटमेंट, माझ्या विनंतीची आपल्याकडील नोंद आणि थकबाकी कळवणाऱ्या नोटिसा पाठवल्याचा पुरावा द्यावा. फेब्रुवारी 2019 नंतरची सर्व आकारणी रद्द करून चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडील नोंद दुरुस्त करावी."

तारीख नक्की आठवत नसेल तर घालू नका. जे आठवतं तेवढंच लिहा. जुन्या सिमच्या कंपनीकडून इतक्या वर्षांपूर्वीचे कॉल मिळायचे नाहीत, तो नाद सोडा. तेव्हाचा ईमेल चालू असेल तर मात्र त्यात बँकेचं नाव टाकून शोधा. विनंती क्रमांकाचा एखादा मेल कोपऱ्यात पडलेला असतो, आणि तेवढ्यावर बाजी पलटते.

तुम्ही म्हणाल, सिबिलवर राग काढू की बँकेवर? लोक पहिल्यांदा सिबिलला शिव्या घालतात. ती कंपनी बँकेने पाठवलं तेच छापते. स्वतःच्या मनाने एक आकडा बदलायची मुभा तिला नाही. पण तिच्याकडे तक्रार करायचीच, कारण तिथे अर्ज पडला की घड्याळ सुरू होतं. वेबसाइटवर 'डिस्प्यूट'चा फॉर्म आहे, फुकट आहे. तक्रार नोंदल्यापासून 30 दिवसांत निकाल लागला पाहिजे, त्यातले 21 दिवस बँकेला. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेने याला दातही दिलेत: 30 दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने द्यायची. रक्कम मोठी नाही, पण मोठ्या कचेऱ्यांत रोजचा दंड लागला की फाइल टेबलावरून हलते, हे मी आतून बघितलंय.

कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, जसं प्रत्येक वनस्पती तुपाला एकाच कंपनीचं नाव चिकटलं होतं. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. मोबाइलवर स्कोअर दाखवणाऱ्या ॲपांवरून नको, कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. एकीकडे दुरुस्त झालं आणि दुसरीकडे तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी वेगळी बँक वेगळीकडून रिपोर्ट काढते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा 'आपली तक्रार बंद करण्यात येत आहे' असं छापील उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, वकील लागत नाही, फी नाही. अडलं तर 14448 वर विचारा. सप्टेंबर 2022 पासून क्रेडिट माहिती कंपन्यासुद्धा लोकपालाच्या कक्षेत आहेत.

आता कायद्याची बाजू, कारण तुम्ही कुठेतरी वाचून उत्साहाने लिहाल. जुलै 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्ड बंद करायची विनंती आली आणि थकबाकी नसेल तर 7 कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड. थकबाकीदार म्हणून कळवायच्या आधी ग्राहकाला 7 दिवसांची सूचना द्यायची, हेही त्यातच आहे. तुमचं प्रकरण 2019 चं आहे, तेव्हा 500 रुपये रोज असा हिशेब मांडून लाखाची मागणी करू नका, हसं होईल. तुमचा मुद्दा साधा आणि भक्कम आहे: एकही खरेदी नसलेलं बिल हे कर्ज कसं? सगळं स्टेटमेंट फी आणि व्याजानेच भरलेलं निघालं, तर बहुतेक बँका आकारणी मागे घेतात. आणि तो एजंट 'लाइफटाइम फ्री' म्हणाला होता, तर कार्डासोबत आलेल्या कागदांत तसं छापलंय का तेही शोधा. छापलेलं सापडलं तर 590 ची पहिली ओळच कोसळते.

उलट स्टेटमेंटमध्ये एखादी खरी खरेदी भरायची राहिलेली निघाली, तर वाद घालू नका. पूर्ण रक्कम भरा.

आता बिल्डर. इथे मात्र महिनाभर तत्त्वासाठी थांबायला तुमच्याकडे वेळ आहे का, हा खरा प्रश्न आहे. अलॉटमेंट लेटर काढून बघा: करार नोंदवायची मुदत काय, बुकिंग रद्द केलं तर किती कापणार. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यातच आहे, म्हणून कर्ज मंजूर होईपर्यंत आणखी पैसे देऊ नका. बिल्डरला भेटून लेखी मुदतवाढ मागा. फ्लॅट पडून असतील तर तो देईल.

आणि होमलोनच्या साहेबांना जाऊन भेटा, तोंड लपवू नका. डिस्प्यूटच्या अर्जाची प्रत, बँकेला पाठवलेला ईमेल, तक्रार क्रमांक, हे सगळं फाइलला लावा. आम्ही याला 'डेव्हिएशन' म्हणायचो, म्हणजे नियमाला अपवाद. जुनी, छोटी कार्डाची बाकी, पगार चांगला, बाकी रेकॉर्ड स्वच्छ, असं असलं की शाखा वरच्या ऑफिसला शिफारस करून पाठवू शकते. वरचे साहेब हमखास एकच मागतात: त्या बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र. स्कोअर 612 चा 750 होईपर्यंत थांबायची गरज नसते, दाखला पुरतो. तुम्ही स्कोअर किती दिवसांत सुधारेल विचारलंत. बँक आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा माहिती पाठवते, त्यामुळे दुरुस्ती लवकर दिसेल. आकडा मात्र त्याच्या चालीने वर जाईल. त्या घाईत दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टला लागते आणि आकडा आणखी खाली येतो.

महिनाभरात बँक हललीच नाही आणि बिल्डर थांबायला तयार नाही, तर? मी तुमच्या जागी असते तर 8,943 पूर्ण भरले असते. पटत नाही, पण 2 लाख आणि घर पणाला लावण्याइतकी ती रक्कम मोठी नाही. फक्त भरायची रीत नीट पाळा. आधी बँकेकडून ईमेलवर लेखी घ्या की पूर्ण रक्कम भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल आणि बेबाकी दाखला मिळेल. 'सेटलमेंट' हा शब्द त्या पत्रात कुठेही नको. पैसे थेट कार्ड खात्यात, स्वतःच्या खात्यातून; वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपया नको. सोबत 'आकारणी मान्य नसून हक्क राखून रक्कम भरत आहे' एवढी ओळ लिहा, म्हणजे लोकपालाकडची तक्रार चालू ठेवता येते.

वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही. शाळेत फोन आला तर नाव, एजन्सी आणि बँकेने दिलेलं अधिकारपत्र मागा. बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात.

सासूबाईंना सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर 590 चे त्या 59 हजार करतील.

पत्र दुसरं

मॅडम, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला, शेती आणि दूधधंदा करतो. 2021 ला साडूच्या ट्रॅक्टर लोनला जामीन राहिलो. साडूने वर्षभर हप्ते भरले, मग थांबला. मला कुणी काही कळवलं नाही. आता चार गाई घ्यायला बँकेत गेलो तर म्हणतात, तुमचं खातं एनपीए, म्हणजे हप्ते थकून बुडायला आलेलं आहे. मी एक रुपयाही घेतलेला नाही. ही नोंद खोटी आहे, ती कशी काढायची?

एक शेतकरी, जि. सोलापूर

उत्तर

भाऊ, नोंद खोटी नाही. ऐकायला कडू आहे, पण आधी हे पचवा, नाहीतर डिस्प्यूट घालून दोन महिने फुकट घालवाल. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी साडूचा ट्रॅक्टर विका, मग माझ्याकडे या, असं बँकेला बजावता येत नाही. बँकेत सही करताना 'फक्त सहीच तर करायचीय' असं म्हणतात ना, त्या सहीचा अर्थ हा.

शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: जामीनदार म्हणून कर्जखात्याचा उतारा आणि मी सही केलेल्या जामीनपत्राची प्रत मिळावी. उतारा नीट वाचा. मधल्या काळात बँकेने हप्ते बदलले का, मुदत वाढवली का, टॉप-अप दिलं का? तुमच्या सहीशिवाय अटी बदलल्या असतील तर कलम 133 प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीन सुटतो. पण जामीनपत्राच्या छापील मजकुरात बहुधा 'बँकेने अटी बदलल्यास माझी हरकत नाही' असं वाक्य असतं, म्हणून प्रत हातात आल्याशिवाय वकिलाला पैसे देऊ नका.

मग साडूला गाठा, आणि एकटे जाऊ नका. दोघींच्या माहेरचं कुणीतरी वडीलधारं माणूस बरोबर घ्या. ट्रॅक्टर अजून त्याच्या दारात असेल तर त्याने तो बँकेच्या संमतीने स्वतः विकलेला बरा. ओढून नेऊन लिलाव झाला तर भाव पडतो आणि उरलेली बाकी तुमच्या डोक्यावर बसते. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे परस्पर विकता येणार नाही.

तुम्हाला स्वतः भरायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: एनपीए झालेलं खातं दोन-तीन हप्ते भरून नियमित होत नाही, मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. अर्धे पैसे भरून गाई मिळतील अशी आशा ठेवू नका. आणि जे भराल ते साडूच्या हातात रोख देऊ नका. तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, पावतीवर 'जामीनदार' असं लिहून घ्या. कायद्याने ती रक्कम साडूकडून वसूल करायचा तुम्हाला हक्क आहे, आणि पूर्ण कर्ज फेडलंत तर ट्रॅक्टरवर बँकेचा जो हक्क होता तो तुमच्याकडे येतो. नातं सांभाळायचं असेल तर दावा लावू नका, पण पावत्या सांभाळा.

पत्र तिसरं

ताई, इन्स्टाग्रामवर एकाची जाहिरात बघितली. 15,000 रुपयांत 45 दिवसांत सिबिल साफ करून देतो म्हणतो. अर्धे पैसे आधी. भरवसा ठेवावा का?

एक वाचक, पिंपरी

उत्तर

नको. तुम्हाला फुकट करता येतो तोच डिस्प्यूट तो तुमच्या नावाने घालतो. तक्रार चालू असताना नोंदीवर 'वादग्रस्त' अशी खूण येते, ती दाखवून उरलेले पैसे घेतो. बँकेने 'माहिती बरोबर आहे' असं कळवलं की नोंद जशीच्या तशी राहते आणि त्याचा फोन लागत नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत. त्याला पॅन, आधार किंवा ओटीपी आधीच देऊन बसला असाल तर चारही रिपोर्ट काढून 'एन्क्वायरी'चा भाग बघा. तुम्ही मागितलेलं नाही असं एखादं कर्ज तिथे दिसलं तर त्या कंपनीला लगेच लेखी कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.